वेळेआधी पोचलेला परण्या

आमचं घर दुकानाच्या डोक्यावर होतं. खाली सोलापूरच्या नवी पेठेत अप्पांचं धोतरं, पटके आणि उपरण्यांचं दुकान. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीकडे जाणारा अरुंद जिना. त्यामुळे माझ्या लहानपणाला खालून येणारा एक आवाज सतत सोबत होता, कापड फाडल्याचा. अप्पा कात्रीनं नुसती कड कापायचे आणि मग दोन्ही हातांत धरून पटक्याचं कापड एका दमात टर्रकन फाडायचे. दुकानात गिऱ्हाईक कसं आहे हे अव्वा वरच्या स्वयंपाकघरात बसून त्या आवाजावरून सांगायची. अव्वा म्हणजे आमची आई, अप्पा म्हणजे वडील. आमच्या घरात आईला अव्वा आणि थोरल्या बहिणीला अक्का म्हणायची रीत. बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी चालायचं, आणि रागावताना कुठली भाषा घ्यायची हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं.

दुसरा आवाज अव्वाच्या उखळाचा. शेंगाची चटणी आमच्याकडे कधी वाटली गेली नाही, ती कुटलीच जायची. दुपारची जेवणं उरकली की अव्वा भाजलेल्या शेंगा, लसूण, तिखट आणि मीठ घेऊन उखळापाशी बसे. मुसळ पडायला लागलं की आधी कोरडा आवाज येई, मग शेंगांना तेल सुटलं की तो जड आणि ओला होई. त्या बदलावरून मला कळायचं की आता थोड्या वेळात कडक भाकरीचा तुकडा आणि गरम चटणी मिळणार. मी खिडकीत पुस्तक घेऊन बसलेली असे. घरात पुस्तकं वाचणारी मी एकटीच होते आणि त्याचं कुणाला कौतुकही नव्हतं, तक्रारही नव्हती. एखाद्याला पित्ताचा त्रास असतो तसा मला पुस्तकांचा आहे, असं सगळ्यांनी धरलं होतं.

तिसरा आवाज संगूचा. संगमेश माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, अक्काहून लहान. कॉलेज अर्धवट सोडून त्यानं दोन मित्रांबरोबर लग्नात वाजवायचे स्पीकरचे बॉक्स आणले, सीडी लावून गाणी जुळवायचा एक जुना मिक्सर आणला, आणि आमच्या जिन्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. त्या काळात डीजे हा शब्द पेठेत नवा होता. अव्वा त्याला ‘डिजी’ म्हणायची आणि अप्पा काहीच म्हणायचे नाहीत. ते फक्त जिन्यातल्या बॉक्सला वळसा घालून वर येत आणि जेवताना संगूकडे न बघता विचारत, “गादीवर कोण बसणार हाय उद्यापास्नं?” दुकानात गिऱ्हाइकासमोर कापड पसरायची ती पांढरी गादी. अप्पांचे वडील तिच्यावर बसले, अप्पा बसले, आणि आता संगूनं बसावं ही त्यांची सरळ अपेक्षा होती.

संगू गेला त्याला आता वर्ष होत आलं. त्याच्याविषयी लिहायला बसले की हात आपोआप त्या काळाकडे जातो, जिन्यात बॉक्स होते त्या काळाकडे. त्याच्या आजारपणाचे महिने मला नीट आठवतही नाहीत. उखळाचा आवाज मात्र कालचा वाटतो.

तो मिक्सर त्यानं पुण्याच्या एका हॉटेलवाल्याकडून आणला, तेव्हा खोक्यात तळाशी एक सीडी निघाली. वर नाव नाही, काही नाही. संगूनं ती लावली, थोडा वेळ ऐकली आणि माझ्याकडे टाकली. “घे तंगी, तुझ्यासारखं गाणं हाय. काय बोलतच न्हाय.” तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्या सीडीवर एकच लांबलचक तुकडा होता. संगू त्याला ट्रान्स म्हणायचा, यंत्रावर बनवलेलं नाचायचं संगीत. पण त्याच्याकडचे बाकीचे ट्रान्स धावत असायचे, हा सावकाश चालायचा. खाली एक खोल, मऊ ठोका, वरच्या मजल्यावर कुणी अनवाणी फिरतंय असा. त्यावर एक सूर, जो लांबत जायचा आणि लांबता लांबता कधी दुसरा व्हायचा ते कळायचं नाही. बराच वेळ काहीच घडत नाही असं वाटायचं, आणि मग लक्षात यायचं की मघाशीच काहीतरी बदलून गेलंय. मी बारावीचा अभ्यास त्या तुकड्यावर केला. अजूनही अवघड काही वाचायचं असलं की मी मनात तो सुरू करते.

एका दुपारी मी तो लावून वाचत होते आणि अव्वा चटणी कुटत होती. संगू दारात उभा राहून भाकरी खात होता. एकाएकी त्यानं चावणं थांबवलं आणि बोटानं मला खूण केली, ऐक. मी ऐकलं. अव्वाचं मुसळ त्या ठोक्यावर पडत होतं. बरोबर ठोक्यावर. अव्वाला त्याचा पत्ताही नव्हता. ती खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या पापडांकडे बघत होती. संगू मांजरासारखा मिक्सरपाशी गेला आणि त्यानं वेगाची पट्टी हलवली. अगदी किंचित, केसभर. मुसळ केसभर लवकर पडायला लागलं. त्यानं पट्टी थोडी खाली आणली, मुसळ सावकाश झालं. मग आणखी खाली. अव्वा आणखी सावकाश. मी तोंडावर पुस्तक धरून हसू दाबत होते.

“काय खिदळतीयास गं?” अव्वा म्हणाली.

“काय न्हाय अव्वा. चटणी झाली का?”

“झाली की. आज हात कसा दुखला न्हाय कुणास ठाऊक.”

संगू हसला नाही. तो तसाच उभा होता, तोंडातला घास तसाच. नंतर गच्चीवर तो मला म्हणाला, “तंगी, मानसाला सांगून काय होत न्हाय बघ. पायाला सांगायला पायजे.”

हे तो का म्हणाला ते कळायला आमच्याकडच्या लग्नांची एक गोष्ट सांगायला हवी. लग्नाआधी नवरदेव जानवसघरातून निघतो, मारुतीला नमस्कार करतो आणि तिथून वाजतगाजत मांडवात येतो. या मिरवणुकीला परण्या म्हणतात. परण्या कधीही वेळेवर पोचत नाही. पुढे नाचणारी पोरं असतात आणि गाणं जितकं जोरात, तितकी ती एका जागी घट्ट उभी राहून नाचतात. गाडी हात-दोन हात पुढे सरकते आणि परत थांबते. मांडवात भटजी किंवा आमच्याकडे स्वामी घड्याळ बघत बसतात, म्हातारी माणसं भुकेनं कासावीस होतात, आणि मुहूर्त टळून गेल्यावर अक्षता पडतात. सगळे हे जाणतात, म्हणून पत्रिकेतली वेळ कुणी खरी मानत नाही. पाहुणे त्याच हिशेबानं घरातून निघतात. अप्पांना या एका गोष्टीचा मनस्वी राग होता. कुठल्याही लग्नाहून ते चिडूनच घरी येत. “मुहूर्त काढायचा कशाला मग? पंचांग जाळा,” असं म्हणत ते पटका उतरवून खुंटीला अडकवत.

आणि गाणं बंद करून भागत नाही. संगूनं एकदा तसं केलं होतं. एका परण्यात वडीलधाऱ्यांनी दटावलं म्हणून त्यानं मांडवाच्या अलीकडे आवाज एकदम तोडला. नाचणाऱ्या पोरांनी जनरेटरची वायर ओढून काढली, एका बॉक्सच्या जाळीत लाथ घातली. पोरांच्या अंगातलं गाणं चालूच असतं, तुम्ही फक्त बाहेरचं बंद केलेलं असतं. तो बॉक्स बरेच दिवस आमच्या गच्चीवर तोंड फुटल्यासारखा पडून होता.

अक्काचं लग्न ठरलं ते होटगीच्या घरी. व्याही रेल्वेत सांधेवाले म्हणून निवृत्त झालेले, शांत आणि मिस्कील माणूस. लग्न आमच्याकडे, सोलापुरात, दुपारच्या मुहूर्तावर. वाजवण्याचा विषय निघाला तेव्हा संगू म्हणाला, बाहेरचं कुणी कशाला, मी आहे. अप्पांनी हातातला पटका घडी करून बाजूला ठेवला. मग त्यांनी पहिल्यांदा संगूच्या कामाविषयी सरळ बोलून दाखवलं.

“वाजीव. पण माझ्या पोरीच्या अक्षता मुहूर्ताला पडल्या पायजेत. पडल्या, तर तुझ्या बॉक्सला मी पुन्हा नाव ठेवणार न्हाय. न्हाय पडल्या, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गादीवर येऊन बसायचं आन् ते समदं इकून टाकायचं. कबूल?”

“कबूल,” संगू म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

अक्का आतून म्हणाली, “माझ्या लग्नावर पैजा कसल्या लावताय रे? मी काय बैल हाय का शर्यतीतला?”

त्यानंतर आमच्या गच्चीवर संगूचा अभ्यास सुरू झाला. त्याचा घोळ मला पुस्तकातल्या गणितासारखा समजत गेला. नाचायची गाणी धावती, माझा तुकडा चालता. एकदम एकावरून दुसऱ्यावर उडी मारली तर पोरं ओरडणार. म्हणून गाण्यांची अशी रांग लावायची की प्रत्येक गाणं आधीच्याहून केसभर संथ. शिवाय वाजतं गाणंही पट्टीनं जरा जरा खाली आणत राहायचं. एका कानाला हेडफोन लावून पुढच्या गाण्याचा ठोका चालू गाण्याच्या ठोक्यावर आणून बसवायचा, मग नवं हळूहळू वर घ्यायचं आणि जुन्याचा खालचा जाड आवाज आधी काढून घ्यायचा. “दोघांनी मिळून कपाट उचललं की कसं, पावलं जुळल्याबिगर एकानं सोडायचं न्हाय,” तो म्हणायचा. “गाणं बदललं ते लोकांना कळलं, की डीजे नापास.” मी ऐकून सांगायचे, कळलं. पुन्हा. कळलं. पुन्हा. एका संध्याकाळी मी पुस्तकातून मान वर केली तर माझा तुकडा चालू होता आणि तो कधी आला हे मला सांगता येईना.

“आता?” त्यानं विचारलं.

“आता न्हाय कळलं.”

तो पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसला आणि शर्टानं तोंड पुसत राहिला.

लग्नाच्या सकाळी अप्पांनी जानवसघरी जाऊन व्याह्यांना, मामांना, काका-आजोबांना स्वतःच्या हातानं पटके बांधले. पटका बांधावा तर अप्पांनीच; हातभर कापड त्यांच्या बोटांतून जाताना आपोआप चुणीदार होई. स्वतःचा पटका त्यांनी शेवटी ठेवला. “माझं काय, दारात उभं राहायच्या आदी बांधीन.” मग मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी माझ्या हातात बांधलं, पट्ट्याला शेवटचं भोकही सैल पडलं. “जा, बस त्याच्याजवळ टेंपोत. ध्येन ठेव. त्याला घड्याळाचं सांगत राहा.” नवरीची बहीण नवरदेवाच्या परण्यात, हे कुणालाच रुचलं नाही. पण अप्पांपुढे कोण बोलणार. मी साडी सावरत टेंपोत बॉक्सच्या मागे एका खोक्यावर बसले आणि पिशवीतून पुस्तक काढलं. संगूनं माझ्याकडे बघितलं. “वाच वाच. तू वाचत असलीस की मला बरं वाटतं.”

मारुतीच्या चौकात व्हायचं तेच झालं. होटगीची पोरं रंगात आली. हलगीच्या गाण्यावर एकानं शर्ट काढून डोक्यावर फिरवला, दुसऱ्यानं नवरदेवालाच घोड्यावरून उतरवायचा प्रयत्न केला. ऊन तापलेलं, कापडाच्या दुकानांतून माणसं बाहेर येऊन बघत उभी. गाडी जागची हलेना. मी घड्याळ बघितलं आणि पुस्तक मिटलं. संगूला म्हणाले, “दादा, निम्मा वेळ इथंच गेला.” तो हेडफोन कानाला दाबून मान खाली घालून उभा होता. त्याला ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्याची दोन बोटं पट्टीवर होती आणि ती हलत नाहीत असंच वाटत होतं.

गाणं बदललं. पुन्हा बदललं. मला माहीत होतं म्हणून मला कळलं. पोरं नाचतच होती, पण आता हात खांद्यापर्यंतच जात होते. शर्ट काढलेल्यानं तो खांद्यावर टाकला. कुणीतरी पाणी मागितलं. मग तो खोल, मऊ ठोका हलगीच्या खाली येऊन बसला, बराच वेळ नुसता बसून राहिला, आणि हलगी विरत गेली तेव्हा कुणीही मान वर करून टेंपोकडे बघितलं नाही. तो लांब सूर नवी पेठेच्या भर दुपारी, साड्यांच्या दुकानांवरून आणि भेळेच्या गाड्यावरून पसरत गेला. आणि परण्या चालायला लागला. कुणी चला म्हणालं नाही. आधी म्हाताऱ्या बायका निघाल्या, मग नवरदेवाचा घोडा, मग पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, डोलत, गप्पा मारत. ड्रायव्हरनं मागे वळून विचारलं, “काय झालं रे यांना? भांडण झालं का?” संगूनं नुसती मान हलवली. त्याचे डोळे भरले होते. उन्हामुळेही असेल.

एवढं सरळ झालं असतं तर हे प्रकरण इथंच संपलं असतं. पण परण्या कसा चालतो हे आमच्या दोघांखेरीज गावात कुणालाच माहीत नव्हतं, आणि तो इतका चांगला चालेल हे आम्हालाही माहीत नव्हतं. वाटेत कुठंही न थांबता आम्ही कार्यालयाच्या दारात उभे राहिलो, तेव्हा मुहूर्ताला भरपूर वेळ होता. आणि दारात कुणी नव्हतं. पाय धुवायला तांब्या नाही, ओवाळायला ताट नाही, माणूस नाही. फाटकाशी एक कुत्रं सावलीत झोपलेलं होतं, तेही उठलं नाही. साऱ्या सोलापुरासारखा आमच्या घरानंही परण्याच्या उशिराचा हिशेब धरला होता.

नवरदेवाचे मामा पुढे आले. मोठा, लाल चेहरा. “ह्ये काय म्हणायचं? दारात एक मानूस न्हाय. आमी काय वाट चुकून आलोय होय? फिरवा गाडी.”

“तंगी, पळ,” संगू हळूच म्हणाला. त्यानं गाणं थांबवलं नाही.

मी साडी धरून आत धावले. मावश्या पिना तोंडात धरून एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. अव्वा पदर खोचून नारळ मोजत होती. तयार होती ती फक्त अक्का, मुंडावळ्या बांधून एकटीच पाटावर बसलेली. मला बघून म्हणाली, “आला?” मी मान हलवली. तिनं ओठ दाबून हसू आवरलं. “खरंच आणला की गं त्यानं.”

अप्पा मागच्या अंगणात आचाऱ्यापाशी होते. अंगात बनियन, हातात पळी; हुग्गीत, म्हणजे गव्हाच्या खिरीत, गूळ बरोबर पडलाय का ते चाखत होते.

“अप्पा, परण्या आला.”

“कुनाचा?”

“आपलाच.”

“शक्य न्हाय.”

मी त्यांच्यापुढे हात धरला. त्यांनी माझ्या मनगटावरचं स्वतःचं घड्याळ बघितलं, कानाला लावलं, आणि पळी आचाऱ्याच्या हातात न देता सरळ हुग्गीत सोडून दिली. सदरा त्यांनी चालता चालताच अंगात घातला. डोक्याला हात लावला आणि तिथेच थबकले. पटका कुठल्या पिशवीत आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि शोधायला वेळ नव्हता.

माझ्या डोळ्यांपुढे ते दृश्य अजून आहे. दारात शे-दोनशे माणसं, पुढच्या सगळ्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर अप्पांनी बांधलेला पटका, आणि समोर पटक्यांचे व्यापारी अप्पा, उघड्या डोक्यानं. मामांनी ते बघितलं आणि पुन्हा तोंड उघडलं. “व्याह्याला डोक्याला काय—” पण त्यांचं वाक्य नीट चढेना. गाणं तसंच चालू होतं, सावकाश, आणि त्याच्यावर ओरडायला कुणालाही फार जोर लावावा लागला असता. मामांनी आवाज वाढवायचा प्रयत्न केला, मग आजूबाजूला बघितलं. होटगीची पोरं भिंतीच्या सावलीत टेकून बसली होती. नवरदेव घोड्यावर बसल्या जागी डोलत होता. एकट्यानंच रागावणं मामांना जरा अवघडच गेलं.

तेवढ्यात व्याही पुढे आले. त्यांनी अप्पांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “अवो, गाडी लेट झाली तर काय करायचं ते आमाला म्हाईत हाय. जन्म गेला त्यात. टायमाच्या आदी आली तर काय करायचं, त्ये आमच्या रूलबुकातच न्हाय.” असं म्हणून त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा पटका दोन्ही हातांनी उचलला, बांधलेला तसाच, आणि अप्पांच्या डोक्यावर ठेवला. “ह्ये घ्या. तुमचाच हाय.”

बायका हसल्या. मग पोरं हसली. पण व्याह्यांचं डोकं आता उघडं पडलं होतं आणि तसं उघडं डोकं अप्पांना जन्मात बघवलं नसतं. त्यांनी मागे हात केला. अव्वा तोवर त्यांच्या पिशवीसकट धावत आली होती. त्यांचा स्वतःचा, राखून ठेवलेला पटका बाहेर निघाला. फाटकातच अप्पांनी व्याह्यांना तो बांधायला घेतला. पहिला वेढा सुटला, दुसरा वाकडा गेला. मी टेंपोपाशी परत आले होते. संगू अप्पांच्या हातांकडे बघत होता, आणि मी त्याची बोटं पट्टीवर जाताना पाहिली. केसभर खाली. ठोका अजून सावकाश झाला. अप्पांचा हात सावकाश झाला. एक वेढा, चुणी, दुसरा वेढा, चुणी. अव्वाच्या मुसळासारखा. संगूनं माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्याच्याकडे बघितलं नाही; बघितलं असतं तर आम्ही हसलो असतो किंवा रडलो असतो. तुरा काढून अप्पा मागे सरकले तेव्हा तसा देखणा पटका त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्याच डोक्यावर नव्हता. व्याह्यांनी त्यांना मिठी मारली. मावश्या आरतीचं ताट घेऊन आल्या, निम्म्या वेण्या सुटलेल्या. मामांना खुर्ची आणि लिंबाचं सरबत मिळालं.

अक्षता मुहूर्ताला पडल्या. स्वामी स्वतःच गोंधळून दोनदा घड्याळ बघून मग मंगलाष्टकाला उभे राहिले. निम्मे पाहुणे नंतर आले आणि त्यांनी रिकाम्या बोहल्याकडे बघून विचारलं, “अजून सुरू न्हाय झालं?” आमच्या कितीतरी नातेवाइकांनी अक्काच्या लग्नात अक्षता टाकायला मिळाल्या नाहीत म्हणून पुढे कैक वर्षं टोमणे मारले.

रात्री आम्ही घरी आलो. संगूनं बॉक्स जिन्यात रचले आणि तो न जेवता झोपला. पैज जिंकली असं त्याला वाटत नव्हतं. अप्पा चारचौघांत उघड्या डोक्यानं उभे राहिले ते आपल्यामुळे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. सकाळी मी खाली गेले तर तो अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून गादीवर मांडी घालून बसला होता. समोर उपरण्यांची घडी. मी पायरीवरच बसून राहिले. अप्पा आले, त्यांनी चपला काढल्या, देवाला उदबत्ती लावली, आणि मग संगूकडे बघितलं.

“हितं काय करतोयास?”

“तुमीच म्हणाला होता.”

“मी काय म्हणालो? अक्षता मुहूर्ताला पडल्या पायजेत, म्हणालो. पडल्या. ऊठ. ही माझी जागा हाय.”

संगू उठला. उंबरा ओलांडता ओलांडता थांबला. “अप्पा, काल तुमाला—”

“काल मी तयार नव्हतो,” अप्पा म्हणाले. “चूक माझी. घड्याळ तुझ्या बहिणीला दिलं आन् मी बी समद्यांसारखा गाफील ऱ्हायलो.” त्यांनी कापडाचा तागा ओढला, कड कापली. मग खाली बघूनच म्हणाले, “मागच्या गोदामातली निम्मी जागा मोकळी करून ठेवलीय. जिन्यात पाय मोडंल कुनाचा तरी.” आणि टर्रकन कापड फाडलं.

तेव्हापासून संगू वाजवणार असलेल्या कुठल्याही लग्नाला अप्पा सगळ्यांच्या आधी पटका बांधून दारात उभे असायचे. बायकांना घाई करायचे. “आवरा, आवरा. संगूचा परण्या हाय, भरवसा न्हाय.” घरात तो विनोदच झाला. संगूनं पुढे पंचवीस वर्षं हेच काम केलं, चार पोरांना शिकवलं, त्या चौघांनी आणखी कुणाकुणाला. मी ग्रंथालयात नोकरी धरली, जुळे सोलापूरच्या नव्या वस्तीत फ्लॅट घेतला. अव्वा गेल्यावर अप्पा माझ्याकडे राहायला आले.

संगूला दवाखान्यातून शेवटचं घरी आणायचं होतं तेव्हा आम्ही सगळे सैरभैर होतो. कागद, गाडी, फोन. कुणी कुणाला काय सांगितलं ते कुणालाच कळत नव्हतं. मी अप्पांना शोधत बाहेर आले, तर ते दारात खुर्ची टाकून बसले होते. अंघोळ झालेली, सदरा स्वच्छ, पटका नीट बांधलेला. शेजारी म्हणत होते, “अप्पा, आत बसा. गाडी यायला लई वेळ हाय.” अप्पा म्हणाले, “संगू हाय. त्यो लवकर येतो.” त्या सगळ्या घरात तयार असे ते एकटेच होते.

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीतून एक परण्या गेला. चौकात अडकला होता, नेहमीसारखा. मी गॅलरीत कपडे काढत होते. अप्पा खुर्चीत होते. त्यांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. खाली लॅपटॉपपाशी एक चष्मेवाला मुलगा मान खाली घालून उभा होता, माझ्या ओळखीचा नाही. हळूहळू पोरांचे हात खाली आले. खालून एक मऊ ठोका वर येत गेला. तुकडा तो नव्हता, दुसराच कुठला तरी होता, पण चाल तीच होती. आधी म्हाताऱ्या बायका निघाल्या, मग घोडा, मग खांद्यावर हात टाकून पोरं. मी हातातला टॉवेल तसाच धरून बघत राहिले. अप्पा कठड्याला धरून उठले आणि वाकून बघायला लागले.

“चालायला लागले की गं,” ते म्हणाले.

“व्हय अप्पा.”

ते बराच वेळ बघत राहिले, गर्दी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत. मग हसले, आणि मान हलवत खुर्चीत बसले. “आता तिकडं मांडवात बघ, एक मानूस तयार नसंल.”